स्टेशनभोवतीचं वर्तुळ आणि कुंपणाला घातलेला वळसा

फूटपाथी

मंडळी, एका रेल्वे स्टेशनच्या परिसराचा आराखडा हरकती-सूचनांसाठी खुला झालाय. उत्साहाने उघडला. स्टेशनवर कंपासचं टोक ठेवून ८०० मीटरचं एक गुबगुबीत वर्तुळ काढलंय. आतल्या भागाला वाढीव एफएसआय (म्हणजे भूखंडाच्या मानाने किती बांधकाम करता येईल ते प्रमाण), घरं-दुकानं-कचेऱ्या मिसळून बांधायची मुभा आणि वर 'पादचारीस्नेही' असा शिक्का. चित्रात झाडं आहेत, सायकलवर हसरं कुटुंब आहे.

माझं घर त्या वर्तुळात अगदी आत येतं, सरळ रेषेत ४०० मीटर. काल संध्याकाळी घड्याळ लावून चाललो. घरातून निघालो तो आधी पाठच्या फाटकाकडे गेलो. त्याला गेली कित्येक वर्षं कुलूप आहे, तरी सवय. मग फिरून पुढच्या फाटकातून बाहेर, मोठ्या रस्त्याने रुळांना समांतर, पादचारी पुलापर्यंत. पूल चढलो, उतरलो, आणि तिकीटघरासाठी तितकंच उलट चाललो. एकूण १२५० मीटर, १७ मिनिटं. घराच्या गच्चीवरून मला फलाटावरचं घड्याळ दिसतं, हे सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही.

प्रश्न असा: या आराखड्यावर हरकत घ्यायची तर नेमकी कशावर घ्यावी? वर्तुळावर? एफएसआयवर? की आणखी कशावर? जाणकारांनी लिहावं. एका ओळीत 'सरकारला काही कळत नाही' असं लिहायचं असेल तर ते मलाही येतं.

उगाच

वर्तुळ का काढतात? कारण कंपासपेटीत कर्कटक असतं, कुलूप नसतं. (हलकेच घ्या.)

रुळावरची

फूटपाथी, ४०० आणि १२५० यातला फरक हाच तुमचा मुद्दा आहे, तो सोडू नका.

जपानात घराच्या जाहिरातीत 'स्टेशनपासून अमुक मिनिटं' लिहायचं असेल तर त्याचा नियम ठरलेला आहे: ८० मीटरला १ मिनिट, वरचे मीटर उरले तर पुढचं पूर्ण मिनिट धरायचं. महत्त्वाचं म्हणजे अंतर रस्त्याने मोजायचं, हवेतून नाही. सिग्नलला थांबणं आणि चढ त्यात धरत नाहीत, तेवढी पळवाट आहेच. पण त्या हिशोबाने तुमचं घर '१६ मिनिटं' म्हणून विकावं लागेल, '५ मिनिटं' म्हणून नाही. घरांच्या जाहिरातीला जो नियम लागतो तो शहराच्या आराखड्याला का नको?

नकाशेकाका

आयुष्यभर हीच वर्तुळं काढून निवृत्त झालो, त्यामुळे थोडी कबुली आणि थोडा हिशोब.

८०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे साधारण २०० हेक्टर. आता समजा परिसरात रस्त्यांची आदर्श चौकोनी जाळी आहे, कुठे कुंपण नाही, कुठे नाला नाही. अशा स्वप्नवत ठिकाणीसुद्धा माणूस तिरका उडत जात नाही, काटकोनात वळत जातो. मग ८०० मीटर चालून पोहोचता येईल असा भाग पतंगाच्या आकाराचा होतो आणि त्याचं क्षेत्रफळ भरतं १२८ हेक्टर. म्हणजे सगळं उत्तम असताना ६४ टक्के. स्टेशनला दार एकाच बाजूला असेल तर त्यातलाही अर्धा गेला, राहिले ६४ हेक्टर. त्यावर बंद वसाहती, यार्ड, उड्डाणपुलाचे पाय. एफएसआय मात्र २०० हेक्टरना वाटलेला असतो!

हे 'स्टेशनकेंद्री विकास' प्रकरण ज्यांच्या नावाने ओळखलं जातं ते अमेरिकन रचनाकार पीटर कॅलथॉर्प. त्यांनी १९९० च्या दशकात ते मांडलं तेव्हाही अंतर धरलं होतं सुमारे २००० फूट, म्हणजे ६०० मीटर, आणि तेही चालण्याचं सरासरी अंतर म्हणून. नकाशावरची त्रिज्या म्हणून नव्हे. आम्ही पुढच्या लोकांनी त्याचं वर्तुळ केलं, कारण वर्तुळ पटकन काढता येतं. 'उगाच' यांचा विनोद मला लागला आहे.

तुमच्या हरकतीचा पहिला मुद्दा: वर्तुळाऐवजी दरवाजापासून रस्त्याने मोजलेली हद्द द्या.

तिसरा मजला

मला मूळ कल्पनाच पटत नाही. स्टेशनजवळ आधीच श्वास घ्यायला जागा नाही, तिथे आणखी माणसं कोंबायची आणि त्याला 'चालण्याजोगी वस्ती' म्हणायचं. पाणी, मलनिःसारण, शाळा, उजेड यांचं काय? माझ्या खिडकीसमोर बावीस मजली उभी राहिली तर मी चालत स्टेशनला जाईन खरा, पण घरी परत यावंसं वाटणार नाही.

नकाशेकाका

तिसरा मजला, तुमची भीती खोटी नाही. पण दाटी सगळीकडे सारखी पसरली पाहिजे असं कुठे लिहिलंय?

अमेरिकेत वॉशिंग्टनच्या शेजारी आर्लिंग्टन म्हणून काउंटी आहे. तिथून मेट्रो जायची होती ती मूळ बेतानुसार महामार्गाच्या मधोमध. तसं झालं असतं तर स्टेशनच्या दोन्ही अंगांना आठ पदरी गाड्या आणि चालणाऱ्याला काहीच नाही. काउंटीने भांडून मार्ग जुन्या बाजाररस्त्याखालून भुयारी नेला. महाग पडला. बॉलस्टनपर्यंतचा टप्पा १९७९ मध्ये सुरू झाला. ओळीने पाच स्टेशनं, रॉसलिनपासून बॉलस्टनपर्यंत. त्यांनी नेम धरायच्या फळीसारखी आखणी केली: उंच इमारती स्टेशनच्या अगदी डोक्यावर, मग उतरती उंची आणि काही गल्ल्या ओलांडल्या की जुनी बसकी घरं, अंगणासकट, जशीच्या तशी. दाटी घ्यायची तर ती कुठे संपणार हे आधी सांगायचं, हा सौदा होता. लोकांनी तो मान्य केला कारण उतार नकाशावर रंगवलेला होता.

तुमच्याकडच्या आराखड्यात उतार आहे का? का वर्तुळभर एकच रंग?

फूटपाथी

एकच रंग. फिका जांभळा.

रुळावरची

मग दुसरा मुद्दा मिळाला.

तिसरा मजला यांच्या गर्दीच्या मुद्द्यावर मला उलट बाजूने बोलायचंय. गर्दी माणसांच्या संख्येने होते, तशीच सगळे एकाच वेळी एकाच दिशेला निघाल्यानेही होते. सकाळी गाडी शहराकडे चेंगरून जाते आणि परत येताना मोकळे बाक घेऊन येते. वीज, चालक, रूळ सगळं लागतं, प्रवासी मात्र अर्धेच. बाहेरच्या स्टेशनवर नुसती घरं बांधलीत तर हे आणखी वाढणार. तिथे कचेरी, कॉलेज, दवाखाना, नाट्यगृह असं काही असेल तर उलट्या दिशेच्या रिकाम्या बाकांवर माणसं बसतील. मिश्र वापर म्हणजे इमारतीखाली कॉफीचं दुकान नव्हे, रेल्वेच्या दृष्टीने तो वेळापत्रकाचा प्रश्न आहे.

हे शंभर वर्षांपूर्वी जपानमधल्या एका माणसाला कळलं होतं, इचिझो कोबायाशी. ओसाकाच्या उमेदापासून निघणारा त्यांचा रेल्वेमार्ग १९१० मध्ये सुरू झाला तेव्हा बाहेर शेतंच होती. त्यांनी मार्गाशेजारी इकेदा इथे जमिनी घेऊन घरं बांधली आणि हप्त्यांवर विकली. दुसऱ्या टोकाला ताकाराझुका इथे गरम पाण्याचं स्नानगृह आणि १९१४ पासून मुलींची संगीत नाटक मंडळी. शहराच्या टोकाला १९२९ मध्ये स्टेशनवरच मोठं दुकान. सकाळी नोकरदार आत, दुपारी बायका खरेदीला, सुटीत सगळे उलट्या दिशेला नाटकाला. गाडी रिकामी कधी धावू द्यायची नाही, एवढंच गणित.

गाळेवाली

इतका वेळ नुसती वाचत होते. पण 'इमारतीखाली दुकान नव्हे' म्हणालात म्हणून लिहिते, कारण माझं पोट त्याच दुकानावर आहे.

आराखडेवाले लोक 'तळमजल्यावर व्यापारी वापर सक्तीचा' असं वाक्य टाकतात आणि मोकळे होतात. मी अशाच एका संकुलात गाळा घेतला होता. रस्त्याला समोरासमोर सगळे गाळेच गाळे. दोन वर्षांनी निम्म्यांची शटरं खाली होती. कारण साधं आहे. दुकानाला गिऱ्हाईक लागतं, आणि गिऱ्हाईक माणसांच्या वाटेवर असतं. स्टेशनमधून येणारा लोंढा आमच्या अलीकडच्या कोपऱ्यावर वळत होता. आमच्या बाजूला यायला कारणच नव्हतं.

त्यात गाळा कसा, तर खोल बोगद्यासारखा, दर्शनी रुंदी जेमतेम, मागे माल उतरवायला दार नाही, धूर काढायला वाट नाही. म्हणजे खानावळ, बेकरी, इस्त्री काही चालणार नाही. राहता राहिलं मोबाईलचं कव्हर विकणं आणि इस्टेट एजंट. आणि दारात तीन पायऱ्या! का, तर खाली पार्किंगला उंची हवी होती म्हणून जोतं वर उचललेलं. तीन पायऱ्यांनी माझं निम्मं गिऱ्हाईक खाल्लं. म्हातारं माणूस खालूनच हात हलवून विचारायचं, 'आहे का?' मी वरून 'आहे' म्हणायची, आणि मग वस्तू घेऊन मीच उतरायची.

माझं म्हणणं: ज्या दोन-तीन वाटांवरून खरोखर माणसं जाणार आहेत, तिथेच दुकानांची सक्ती करा. बाकी ठिकाणी तळमजला चांगला उंच बांधा, जमिनीच्या पातळीला ठेवा, आणि आज तिथे कुणी राहू दे, शिकवणी घेऊ दे, उद्या दुकान करू दे. सक्तीचं रिकामं दुकान हे भिंतीपेक्षा वाईट. भिंतीवर निदान वेल चढतो.

तिसरा मजला

गाळेवाली, +१. हे पहिल्यांदा कुणीतरी जमिनीवरून बोललं.

दोन चाकं

मी व्हीलचेअर वापरते, तेव्हा माझा हिशोब मीटरात नसून पायऱ्यांत असतो.

रुळांवर विजेच्या तारा असल्या की पादचारी पूल त्याहून वर न्यावा लागतो. म्हणजे साधारण सहा-सात मीटर चढा, तेवढंच उतरा. भुयारी मार्गाला माणसाच्या उंचीपुरतं खोल जावं लागतं, तीन-चार मीटर. उतार सौम्य ठेवला तर मी कुणाच्या मदतीशिवाय जाऊ शकते. तरी सगळीकडे पूलच बांधतात, कारण गाड्या न थांबवता बांधता येतो आणि खाली पाणी तुंबायची कटकट नाही. ठीक आहे, मग लिफ्ट द्या. लिफ्ट देतात. तिच्यावर 'दुरुस्तीसाठी बंद' असा कागद चिकटवलेला असतो, आणि तो कागद लॅमिनेट केलेला असतो. यावरून काय ते समजा.

एकच लिफ्ट असणं म्हणजे नसणं. आणि स्टेशन जमिनीवर असेल तर मला हवी आहे ती गोष्ट सगळ्यांत स्वस्त आहे: दोन्ही बाजूंना, सरळ फलाटाच्या पातळीवर उघडणारी दारं. तिकिटाचं यंत्र दोन्हीकडे. पूल फक्त ज्याला पलीकडच्या फलाटावर जायचंय त्याला.

रुळावरची

आणि फलाटाच्या दोन्ही टोकांना! लांब गाडीचा फलाट सहज अडीचशे मीटर असतो. दार एकाच टोकाला ठेवलं की पलीकडच्या टोकाशी राहणाऱ्याला तीन मिनिटांचा वळसा, रोज दोनदा. दुसरं दार उघडणं हे एकही वीट न रचता आजूबाजूचे कित्येक हेक्टर स्टेशनच्या जवळ आणणं आहे.

उगाच

दारं वाढवली की तिकीट तपासनीस वाढवावे लागतात ना. खरी अडचण तिथे असते. रचनाकार दार काढतो, रेल्वे कुलूप लावते. दोघांचे पगार वेगळ्या खात्यातून.

फूटपाथी

उगाच, हे मात्र उगाच नाही.

एक शंका. आराखड्यात स्टेशनच्या दाराशीच ५०० गाड्यांचं वाहनतळ आहे. आमच्यातले काही जण म्हणतात, लांबून येणाऱ्यांना गाडी लावायला जागा नको का? त्यांचंही बरोबरच वाटतं. काय सांगू?

नकाशेकाका

एका गाडीला उभं राहायची जागा, वळायची जागा, ये-जा सगळं धरून २५ ते ३० चौरस मीटर लागतात. ५०० गाड्या म्हणजे जवळपास दीड हेक्टर, तोही स्टेशनच्या उंबऱ्यावरचा, संपूर्ण आराखड्यातला सर्वांत मोलाचा. त्यातून येणार पाचशे-सहाशे प्रवासी. एवढ्याने गर्दीच्या वेळची एक गाडीसुद्धा भरत नाही. आणि सकाळी नऊला भरलं की दिवसभर तिथे चिटपाखरू नाही. बाकी सगळ्यांना हा डांबराचा मैदानी पट्टा उन्हात ओलांडून जायचं.

लांबून येणाऱ्यांना जागा द्याच, पण ती पुढच्या कमी वर्दळीच्या स्टेशनवर किंवा पाच मिनिटं लांब. दाराशी बस, सायकल, पाय. सायकलची ताकद लोक ओळखत नाहीत. चालत दहा मिनिटांत ८०० मीटर होतात, सायकलवर आरामात अडीच किलोमीटर. त्रिज्या तिप्पट झाली की क्षेत्रफळ नऊपट. नेदरलँड्समध्ये युट्रेख्टच्या मुख्य स्टेशनखाली साडेबारा हजार सायकलींची जागा केलीय, २०१९ मध्ये पूर्ण झाली. त्याच्याच जवळचं हाउटेन गाव तर स्टेशन मध्यभागी धरूनच वाढवलं: सायकल आणि पायी माणूस सरळ मध्यभागी येतो, मोटारवाल्याला शेजारच्या पेठेत जायचं तरी आधी बाहेरच्या वळणरस्त्यावर जावं लागतं. तुमचा वळसा तिथे गाडीच्या वाट्याला आलाय.

इमारतींमधल्या सक्तीच्या पार्किंगचंही पाहा. न्यूझीलंडने २०२० मध्ये शहरांवरची ती सक्तीच काढून टाकली आणि मोठ्या शहरांत जलद वाहतुकीच्या थांब्यांपासून चालण्याच्या अंतरात किमान सहा मजले बांधू द्यायला सांगितलं. गाळेवालींच्या तीन पायऱ्या कुठून आल्या ते आठवा.

तिसरा मजला

काका, सगळं पटलं असं धरू. पण मग तिथे राहणार कोण? स्टेशन सुधारलं, दारं उघडली, झाडं लावली की भाव चढणार. आज जे खरंच पायी स्टेशनला जातात, ते भाड्याने राहणारे, वाढलेल्या भाड्यामुळे तीन स्टेशनं लांब ढकलले जाणार. त्यांच्या जागी येणार दोन-दोन गाड्या बाळगणारे, जे स्टेशनच्या नावाने घर घेतील आणि गाडीने ऑफिसला जातील. मग तुमची ती रेल्वे भरणार कोणी?

रुळावरची

या धाग्यातला सगळ्यात अवघड प्रश्न. सोपं उत्तर माझ्याकडे नाही, हाँगकाँगचं देते आणि त्यातला दोषही.

तिथे सरकार मेट्रो कंपनीला स्टेशनभोवती बांधकामाचे हक्क देतं, आणि जमिनीची किंमत लावतं ती 'रेल्वे नसती तर' या भावाने. रेल्वे आल्यावर जो भाव चढतो तो फरक विकासकांबरोबरच्या वाट्यातून कंपनीकडे येतो आणि त्यातून रूळ उभे राहतात. म्हणजे स्टेशनमुळे झालेला फायदा निदान स्टेशनकडे परततो, नुसता ज्याच्या आजोबांची तिथे जमीन होती त्याच्या खिशात जात नाही. पण त्या पैशाला घरं महाग विकण्याचीच ओढ असते. शिवाय तिथल्या कित्येक स्टेशनांवर चालणं म्हणजे मॉलच्या पोटातून चालणं. रस्त्यावर पाय टेकतच नाही.

माझं मत: चढणाऱ्या भावातला वाटा घ्या, पण त्यातला ठरलेला हिस्सा भाड्याच्या परवडणाऱ्या घरांचा, त्याच वर्तुळात, लेखी. 'अन्यत्र' हा शब्द दिसला की हरकत घ्या. परवडणारी घरं 'अन्यत्र' म्हणजे तीन स्टेशनं लांब, हेच असतं.

नकाशेकाका

अजून एक कडू गोळी, म्हणजे कुणाला वाटायला नको की चांगलं रेखाटलं की झालं. स्टॉकहोमचं वेलिंगबी. १९५४ साली थाटात उघडलं. काम, घर, केंद्र तिन्ही एका जागी, मेट्रो मधोमध, उंच इमारती जवळ, बसकी घरं लांब. अभ्यासदौरे घेऊन जगभरचे लोक तिथे गेले. झालं काय, तर तिथे राहणारे बहुतेक बाहेर कामाला जात राहिले आणि तिथल्या नोकऱ्यांना बाहेरून माणसं येत राहिली. घराशेजारी नोकरी बांधली म्हणून माणूस तीच नोकरी धरत नाही. बायकोची एका टोकाला, नवऱ्याची दुसऱ्या. पण रुळावरचींचा मुद्दा बघा: ही ये-जा दोन्ही दिशांनी, आणि बरीचशी मेट्रोनेच. बेत फसला आणि गाड्या भरल्या.

म्हणून कचेऱ्या स्टेशनला अगदी चिकटून हव्यात. घराच्या टोकाला तुमच्याकडे सायकल असते, नोकरीच्या टोकाला फक्त पाय. कोपनहेगनने १९४७ मध्ये रेल्वेमार्गांच्या बोटांवर शहर वाढवायचा 'पंजा' आराखडा केला. आता तिथे नियमच आहे की १५०० चौरस मीटरपेक्षा मोठी कचेरी स्टेशनपासून ६०० मीटरच्या आत हवी. एकच जांभळा रंग फासला की विकासक दारापाशी घरं विकतो, कारण त्यात पैसा पटकन सुटतो, आणि कचेरी जाते महामार्गाला.

दोन चाकं

आणि गाडी किती वेळाने आहे हे कुणी विचारणार आहे का? अर्ध्या तासाने एक गाडी असेल तर स्टेशनजवळ राहून करायचं काय, शिट्टी ऐकायची?

रुळावरची

दोन चाकं, अगदी. जपानमधल्या तोयामाने २००६ मध्ये एक मरगळलेला रेल्वेफाटा ट्रामसारखा करून घेतला. अर्ध्या-एक तासाने येणारी गाडी दर पंधरा मिनिटांनी केली, थांबे वाढवले, चढायला पायरी ठेवली नाही. कामाच्या दिवशीचे प्रवासी दुपटीहून जास्त झाले. वस्ती नंतर हळूहळू.

फूटपाथी

सगळ्यांचे आभार. धागा वाचनखुणांत टाकलाय. रविवारी चौघांना घेऊन पुन्हा चाललो, या वेळी वेगवेगळ्या बारा दारांपासून. एकीने बाबागाडी घेतली होती, तिचा वेळ प्रत्येक वेळी जास्त आला आणि दोनदा तर ती पोहोचलीच नाही, आम्ही बाळाला उचललं. बारापैकी पाचच दारं दहा मिनिटांत बसली. बाराही दारं आराखड्याच्या वर्तुळात आहेत.

हरकत लिहून झाली. हद्द रस्त्याने मोजा, दुसऱ्या बाजूला व दुसऱ्या टोकाला दार द्या, उंचीचा उतार दाखवा, कचेऱ्यांचा पट्टा वेगळा रंगवा, वाहनतळ मागे न्या, दुकानांची सक्ती दोनच वाटांवर, परवडणारी घरं हद्दीतच. बाबागाडीच्या वेळांचा तक्ता जोडलाय.

नकाशेकाका

तक्ता वर जोडा, मजकूर खाली. तक्ता वाचतात.

उगाच

आणि पाठच्या फाटकाचं कुलूप?

फूटपाथी

सोसायटीच्या सभेत विषय काढला. ते रेल्वेने किंवा आराखड्याने लावलेलं नाही, आमच्याच सोसायटीने लावलंय, परके लोक आतून जातात म्हणून. सात मतं उघडायच्या बाजूने, एकोणीस विरुद्ध. किल्ली कुणाकडे आहे ते मात्र सभेत एकालाही आठवेना.